बर्फाच्या कप्प्यातली नळी

निवडलेली कोथिंबीर, मळून उरलेली कणीक, आंबट होऊ पाहणारं दही, काही टिकवायचं म्हटलं की आपला हात आधी फ्रिजकडे जातो. त्याच भरवशावर गेल्या श्रावणात मी स्वतःचं रक्त बर्फाच्या कप्प्यात ठेवायला लावलं आणि जिवाला घोर लावून घेतला. तीच हकिकत तुम्हांला सांगते.

मी हरसूलला असते. घर सांभाळून दुपारी शाळेत तीन तास मराठी शिकवते. छत्तिसाव्या वर्षी मला दुसऱ्यांदा दिवस राहिले. वय वाढलं की बाळात डाऊन सिंड्रोमसारखा दोष असण्याची शक्यताही वाढते. म्हणून नाशिकच्या डॉक्टरीणबाईंनी दहावा आठवडा उलटल्यावर एक रक्ततपासणी करायला सांगितली. पोटात सुई घालायची नाही, आईच्या हातातलंच रक्त घ्यायचं आणि त्यात वारेतून उतरलेले बाळाच्या डीएनएचे तुकडे शोधायचे. असे तुकडे आईच्या रक्तात फिरत असतात, हे डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली ऑक्सफर्डला दाखवून दिलं.

"मग मुलगा की मुलगी तेही कळत असेल!" सासूबाईंनी लगेच विचारलं. कळू शकतं, पण सांगणं आणि विचारणं दोन्ही गुन्हा. तसा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वांआधी, १९८८ साली केला; देशाचा कायदा १९९४ चा. सासूबाई गप्प बसल्या, म्हणजे तेवढ्यापुरत्या.

शनिवारी रक्त न्यायला मुलगा आला. खास नळ्या संपल्या होत्या म्हणून त्याने नेहमीच्या जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त घेतलं. "दोन-तीन तासांत नाशिकला पोचतंय, ताई," म्हणाला. आणि पाऊस असा कोसळला की वाघेरा घाटाच्या वाटेवरून तो परत आला. आमच्याच ओट्यावर नळी ठेवून बसला. शहाणपण सुचलं ते मला! "अरे, नासेल ना ते. ठेव वर बर्फाजवळ!" रात्रभर नळी तिथेच. सकाळी तो घेऊन गेला तेव्हा मी निर्धास्त होते.

आठवड्याने निरोप आला, नमुना तपासण्याजोगा नाही, पुन्हा रक्त द्या. माझ्या मनात काय काय आलं म्हणून सांगू! बाळातच काही असेल, म्हणून तर हे लोक सरळ बोलत नाहीत. ह्यांना काही बोलले नाही, पण दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. शेवटी नणंदेच्या मुलीला फोन केला. ती रक्ततपासणीचंच शिकली आहे.

ती म्हणाली, "मामी, बाळाला काही झालेलं नाही. तुमचं रक्त फुटलं."

तिने सांगितलं ते माझ्यासारख्या बी.ए. झालेल्या बाईलाही कळलं. समजा, सुपात दहा मुठी तांदूळ आहे, त्यातली साधारण एकच मूठ बाळाची, बाकीचा आईचा. त्या एका मुठीवरून हिशेब लावायचा. पण रक्त नळीत नुसतं पडून राहिलं की आईच्या पांढऱ्या पेशी फुटू लागतात आणि त्यांच्यातला डीएनए बाहेर सांडतो. म्हणजे सुपात आणखी एक पोतं ओतल्यासारखंच! बाळाची मूठ तेवढीच असते, पण सापडत नाही. बाळाचा वाटा शेकडा चारच्या खाली गेला की बऱ्याच प्रयोगशाळा निकालच देत नाहीत. म्हणून साध्या नळीतलं रक्त सहाएक तासांत यंत्रात फिरवून वरचं पिवळसर पाणी वेगळं करावं लागतं. ते पाणी गोठवलं तर चालतं. अख्खं रक्त गोठवलं की पेशी फुटल्याच म्हणून समजा. पेशी धरून ठेवणारं औषध घातलेली खास नळी असली, तर तेच रक्त कित्येक दिवस टिकतं. पण तीसुद्धा बाहेरच ठेवायची, फ्रिजमध्ये नाही.

मला हसू आलं आणि रडूही. गर्भारपणात एकेक आठवडा मोजायचा असतो. या तपासणीत शंका आली तर खात्रीसाठी पोटातलं पाणी काढून तपासतात, तेही पंधराव्या आठवड्यानंतर. मग पुढचे निर्णय. त्यातला दीड आठवडा मी बर्फात घातला होता.

दुसऱ्या वेळी मीच एस.टी.ने नाशिकला गेले. आधी नळी कोणती ते विचारलं. तिथली मुलगी जरा चमकली, पण तिने दाखवली. रक्त घेतल्यावर नळी न हलवता-आपटता हळूच आठ-दहा वेळा उलटी-सुलटी केली, तारीख-वेळ लिहिली आणि टेबलावरच्या डब्यात उभी ठेवली. कोपऱ्यात फ्रिज होता. माझी नजर सारखी तिकडे जात होती, पण या वेळी मी तोंड मिटून बसले.

चौदाव्या आठवड्यात निकाल आला, धोका कमी. म्हणजे अगदी खात्री नव्हे, हे डॉक्टरीणबाईंनी बजावलं. सोनोग्राफी पुढे करायची होतीच, ती केली. आता आठवा लागलाय. सासूबाई दुपट्यांसाठी जुन्या साड्या काढून बसल्या आहेत आणि माझ्या पोटाचा आकार बघून काहीबाही ठरवत आहेत.