एका पायाची सायकल

सायकलच्या पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी आधार हवाच, हे आपण इतकं गृहीत धरून चालतो की एकाच बाजूनं धरलेलं चाक दिसलं की नजर तिथं अडकते. लळिंग किल्ल्याच्या पायथ्याशी चहाच्या टपरीवर माझी सायकल उभी केली की कुणीतरी वाकून बघतोच. "भाऊ, याना दुसरा पाय कोठे शे?" धुळ्याकडे प्रश्न असा अहिराणीत येतो, जळगावकडे मराठीत. विचारणाऱ्याच्या आवाजात बहुतेक वेळा काळजी असते. काहीतरी तुटलंय आणि हा माणूस तसाच किल्ल्याकडे निघालाय, असं त्याला वाटतं. तुटलेलं काही नाही, कारखान्यातूनच ही अशी निघाली, असं सांगितलं की त्याचा पुढचा प्रश्न जास्त चांगला असतो: मग चाक वाकडं होत नाही का?

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कळलं म्हणून मी ही सायकल ठेवून घेतली. कॅननडेल कंपनीची, बरीच जुनी, पुण्यातल्या एका गृहस्थाकडून वापरलेली घेतलेली. मागचा भाग घट्ट, पुढं सस्पेन्शन, आणि त्या सस्पेन्शनचं नाव लेफ्टी. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याचा फक्त डावा पाय. उजवीकडे मोकळी हवा.

साधा सस्पेन्शनचा चिमटा आता सगळ्यांच्या ओळखीचा आहे. १९८९ साली रॉकशॉक्स कंपनीचा आरएस-१ हा असा चिमटा आला. तो करणारा पॉल टर्नर मोटारसायकलींच्या जगातून आलेला होता, आणि त्यानं मोटारसायकलचीच मांडणी छोटी करून सायकलला बसवली. एक गोल नळी दुसऱ्या गोल नळीत वर-खाली सरकते, दोन्ही बाजूंना अशी एकेक जोडी. पण गोल नळी गोल नळीत सरकते तशी फिरतेही. तिथं एकच पाय ठेवला तर हँडल एकीकडे आणि चाक भलतीकडे बघेल. म्हणून दोन पाय लागतात, ते चाकावरून पुलानं बांधावे लागतात, आणि एवढं करूनही पुढचा ब्रेक दाबला की नळ्या किंचित वाकून एकमेकींना घासतात. ऐन खड्ड्यात शिरताना, जेव्हा चिमट्यानं मोकळेपणी दबायला हवं, नेमका तेव्हा तो अडखळतो.

कॅननडेलच्या माणसांनी दुसरी वाट धरली. १९९२ च्या सुमाराला त्यांनी हेडशॉक काढला. त्यात चिमटा नेहमीचाच ताठ, पण सगळं सस्पेन्शन हँडलखालच्या उभ्या नळीत लपवलेलं. आतल्या सरकत्या नळीला गोलाईऐवजी चार सपाट बाजू दिल्या आणि प्रत्येक बाजूवर पोलादी सुयांची एकेक पट्टी बसवली. ही नीडल बेअरिंगं. सुया वर-खाली लोळतात, आडव्या फिरू शकत नाहीत. ब्रेकचा जोर आला तरी घासणं नाही, लोळणंच. या रचनेतून पुढं १९९९-२००० च्या सुमाराला लेफ्टी आला. नळी फिरतच नाही म्हटल्यावर दुसऱ्या पायाला कामच उरत नव्हतं. पाय डावा ठेवला, कारण डिस्क ब्रेक आधीपासून डाव्या बाजूलाच असतो. ब्रेक दाबला की ओढ जिथं येते तिथंच आधार हवा. जाड नळी वर गेली, हँडलखालच्या उभ्या नळीच्या वर आणि खाली अशा दोन ठिकाणी आवळली गेली, आणि बारीक नळी खाली चाकाकडे आली.

मला या रचनेत सर्वांत जास्त काय आवडतं, तर तिच्यातला हिशेब. लोकांना दिसतं ते काढून टाकलेलं: अर्धा चिमटा. खरं काम उरलेल्या अर्ध्यात झालेलं आहे आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

हे जळगावात सर्वांत लवकर कळलं ते सायकलवाल्याला नाही, तर एका जुन्या स्कूटर मेकॅनिकला. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी बजाजच्या चेतक उघडण्यात घालवली. त्यांनी सायकलकडे पाहिलं आणि दुसऱ्या पायाबद्दल विचारलंच नाही. "चेतकच आहे की," म्हणाले. बरोबरच होतं. आपल्याकडे १९७२ पासून घराघरांत आलेल्या त्या स्कूटरचं पुढचं चाक एकाच बाजूनं धरलेलं होतं, आणि नवरा-बायको, दोन मुलं आणि गव्हाचं पोतं घेऊन ते वर्षानुवर्षं धावलं. त्या मांडणीचं मूळ व्हेस्पात, १९४६ मध्ये. ती आखणारे कोरादीनो दास्कानिओ विमानं आणि हेलिकॉप्टरचे इंजिनियर होते. विमानाचं चाक एका खांबावर उतरतं, मग स्कूटरचं का नको, असा त्यांचा विचार. त्यात एक सोय अशी की पंक्चर झालं तर मोटारीच्या चाकाप्रमाणे बाजूनं नट काढून चाक बदलता येतं. स्टेपनी आपल्याकडे प्रत्येक स्कूटरवर लटकायची ती त्याच सोयीनं.

आप्पांनी मग फरकही लगेच पकडला. चेतकचं चाक एका छोट्या दांड्यावर, पिनेभोवती झुलतं, आणि पिनेवर बसलेला दांडा मुरगळत नाही. इथं मात्र नळी नळीत सरकते. "मग आत चौकोन असणार," एवढंच बोलून त्यांनी बोट लावून दाखवलं, कुठं असेल ते. माझ्याकडे तेव्हा सांगण्याजोगं काही उरलं नाही आणि त्याचा मला फार आनंद झाला.

पंक्चरची सोय खानदेशात चैन नाही, गरज आहे. वेडी बाभूळ नाल्यांच्या काठानं पसरलेली, पावसाळा सरला की पाऊलवाटांवर सराटे. सातपुड्यात मनुदेवीकडे जाणाऱ्या वाटेवर किंवा पालच्या बाजूला ट्यूब वाचवून परत येणं नशिबावर. लेफ्टीचं चाक न काढताच टायर एका बाजूनं सोलून ट्यूब बाहेर ओढता येते, कारण उजवीकडे अडवायला काहीच नाही. काटा शोधायचा, पॅच लावायचा, ट्यूब परत आत. चाक काढायचंच झालं तर मात्र आधी ब्रेकचा कॅलिपर सोडावा लागतो, आणि तो पुन्हा बसवताना डिस्कला घासणार नाही असा नीट मधोमध आणायला वेळ जातो. म्हणून रस्त्यात मी चाकाला हात लावत नाही.

आता या सायकलची खोड. सुयांच्या पट्ट्या कशाला जखडलेल्या नसतात, दोन नळ्यांच्या मध्ये त्या नुसत्या लोळतात. विहिरीवरचं जुनं इंजिन सरकवताना त्याखाली पाइपचे तुकडे टाकतात, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको. इंजिन हातभर पुढं गेलं की पाइप अर्धा हात पुढं गेलेले असतात, आणि तेही अगदी सारखे नव्हे. लेफ्टीतल्या पट्ट्या तशाच प्रत्येक खड्ड्याला अर्ध्या मापानं हलतात आणि थोड्याथोड्या घसरत जातात. मग पाय पूर्ण लांबीला उघडायच्या आतच पट्टी टोकाला जाऊन टेकते. चालवताना हे सहज लक्षात येत नाही. सायकल पुढून जराशी बुटकी होते, वळणावर चाक जास्त चपळ वाटतं, मोठ्या दगडावर टोकाचा धक्का लवकर बसतो. चालवणारा पायातल्या हवेच्या स्प्रिंगची हवा कमी झाली असं समजून पंप मारत राहतो. हवेचा यात काहीच संबंध नसतो.

उपाय सोपा आणि दणकट आहे. हवा पूर्ण सोडायची, वरचा डॅम्पर (उसळी आवरणारा भाग) मोकळा करायचा, आणि पाय खाली जोरानं झटके देत शेवटापर्यंत ताणायचा. पट्ट्या थडकतात आणि जागेवर येतात. आवाज ऐकून घरातले बाहेर येतात, पण तो आवाज बरोबर आहे. आतली मोठी खाच असलेली रिंग खोलायला खास पाना लागतो. तो मला जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लेथवाल्यानं पोलादी नळीच्या तुकड्याला दात काढून करून दिला. इथं पाइपांचं आणि ठिबकचं काम पिढ्यान् पिढ्या हातातून गेलेलं, त्यामुळे नळी, आटे, रबरी सील या गोष्टी समजावून सांगाव्या लागत नाहीत. ओ-रिंगही ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक सांभाळणाऱ्या दुकानात मापानं मिळतात. कंपनीचा पत्ता विचारण्यापेक्षा व्हर्नियर घेऊन त्या काउंटरवर उभं राहणं मला जास्त फलदायी ठरलंय.

पायाच्या खालच्या भागावर घड्यांचा रबरी बूट असतो, धुळीपासून सुया वाचवण्यासाठी. आपल्याकडचा फुफाटा त्यालाही पुरून उरतो. एप्रिल-मेमध्ये गाडीवाटेवर मैदा पडल्यागत धूळ असते, आणि पाय वर-खाली होताना बूट तीच हवा आत ओढतो. हंगाम संपला की बूट वर सरकवून ग्रीस पाहायचं. करडं झालेलं ग्रीस मी ठेवत नाही, पुसून काढतो आणि नवं भरतो. पावसाळ्यात यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात काळ्या मातीत सायकल घालूच नये, कुठलीच. तरी घातलीच, तर उजवी बाजू मोकळी असल्यामुळे काडीनं चिखल खरवडता येतो, हा एक छोटा लाभ.

उन्हाचंही गणित आहे. आत हवेची स्प्रिंग असल्यानं तापमान चढलं की दाब चढतो. हिवाळ्यात पहाटे १२ अंशांना १०० पीएसआय भरून ठेवलेली हवा ४२ अंशांच्या दुपारी सुमारे ११२ पीएसआय होते. म्हणजे तोच पाय कडक. खानदेशात उन्हाळ्यात दाब संध्याकाळी निघताना बघावा आणि हिवाळ्याचा आकडा विसरून जावा.

अशा यंत्राबद्दल लोक म्हणतात, शोभेला ठीक. मला ते पटत नाही. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये इटलीचा मार्को आउरेलिओ फोंताना लेफ्टीवरच डोंगरी शर्यतीत उतरला होता. शेवटच्या टप्प्यात त्याची सीट तुटून पडली, उरलेलं अंतर त्यानं उभ्यानं काढलं आणि कांस्यपदक घेतलं. एवढ्या मोठ्या शर्यतीत पुढचं चाक एका पायावर विश्वासानं सोडलेलं होतं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

कंपनी मात्र पुढं गेली. २०१३ च्या सुमाराला सुयांबरोबर बुश घालून पट्ट्या घसरण्याचा त्रास संपवला, २०१८ मध्ये ओचो नावाचा, एकाच क्लॅम्पचा लेफ्टी आला. नवे पाय अधिक सोयीचे आहेत यात शंका नाही. माझ्या जुन्या पायासाठी हब वेगळा, त्यामुळे पुढचं चाक बाजारातून सहज तयार मिळत नाही. रिम वाकली तर जुना हब ठेवून नव्या रिमला आऱ्या विणाव्या लागतात आणि मग बसून आउट काढावा लागतो. हे काम आता मी स्वतः करतो. सुयांखालच्या पातळ पोलादी पट्ट्या वेगवेगळ्या जाडीच्या असतात, प्ले राहू नये म्हणून कारखान्यात निवडून बसवलेल्या. कुठल्या बाजूला किती जाडीची, हे वहीत लिहून ठेवलंय. आप्पांच्या नातवानं त्या वहीची नक्कल मागून घेतली आहे.

तुम्हाला कुणी अशी जुनी लेफ्टी दाखवली, तर रंग आणि गिअर नंतर बघा. आधी पायात हवा भरायला लावा, टेप काढा, आणि पाय पूर्ण उघडल्यावरची लांबी मोजा. मग विकणाऱ्याला विचारा, शेवटचं ताणून कधी घेतलं. ज्याला प्रश्न कळला नाही, त्याच्याकडून घेताना सील आणि ग्रीसचे पैसे किमतीतून आधीच कापा.