पाठीवरचे पाणी

निमगाव केतकीच्या पेठेत उधारीची वही कालव्याच्या आवर्तनावर चालते. बारामती-इंदापूर रस्त्यावरचे हे गाव पानमळ्यांसाठी आणि तुकोबारायांच्या पालखीच्या मुक्कामासाठी परिचित आहे. परंतु हा सारा प्रदेश अवर्षणाचा, नीरा डाव्या कालव्याच्या अखेरच्या टप्प्यातला. पाणी वेळेवर सुटले की खताची, किराण्याची, कापडाची बाकी फारसे न मागता वसूल होते. आवर्तन लांबले की आकडे वहीत तसेच राहतात आणि त्या आकड्यांच्या दोन्ही बाजूंची माणसे एकमेकांना टाळू लागतात.

2012-13 च्या दुष्काळात असेच घडले. शाळेत एकाच बाकावर बसलेले दोन मित्र. एक खत-बियाण्यांचे दुकान चालविणारा जैन व्यापारी, दुसरा पानमळ्याचा शेतकरी. पानवेल नाजूक. तिच्या मुळाशी सतत ओल हवी. उन्हाळ्यातील पाण्याची एखादी पाळी चुकली तरी ती पिवळी पडू लागते. त्या वर्षी मळा जळाला आणि दुकानाची बाकी थकली. दुकानदाराने एकदाच आठवण करून दिली, पण ती चार गिऱ्हाइकांसमोर. त्या दिवसापासून शेतकरी दुकानाची पायरी चढेनासा झाला. रस्त्यात गाठ पडलीच, तर “काय शेठ, बरंय ना तुमचं?” एवढेच. पन्नास वर्षांच्या ‘तू’चे ‘तुम्ही’ झाले, हे दुकानदाराला थकलेल्या रकमेहून अधिक लागले. संवत्सरीला तो गावभर क्षमापनेसाठी फिरला. त्या एका घराकडे मात्र त्याचे पाऊल वळले नाही.

त्यांच्याच वर्गातील एका निवृत्त शिक्षकाने 2013 च्या डिसेंबरात राजगडाचा बेत आखला. चौथा सोबती कापडाचा व्यापारी. शिक्षकाने त्या दोघांना एकमेकांचे नाव सांगितले नव्हते. पहाटे जीप दारात आली तेव्हा ते उमगले. पण सॅक पाठीवर चढविल्यावर परत फिरणे दोघांनाही शोभले नसते.

सॅकचे वजन आठ किलोंच्या वर जाता कामा नये, असा शिक्षकाचा दंडक होता. कापड व्यापाऱ्याची सॅक काट्यावर बारा किलो भरली. त्यातून जादा चादर, दुसरे बूट आणि फरसाणाचा डबा बाहेर निघाला. ठेपले, खाकरे, कोरडी चटणी, गूळ-शेंगदाणे आणि पाणी एवढेच मागे उरले. दुकानदाराला चौविहाराचा नियम. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणीही नाही. तो घरून उकळलेल्या पाण्याच्या तीन बाटल्या घेऊन निघाला होता. चाळीस वर्षे वजनकाट्यावर हात ठेवणाऱ्या त्या माणसाला एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे चढणीवर पाठीला कळले.

मोरगाव, जेजुरी, सासवड, नसरापूर, मार्गासनी असे करत मंडळी गुंजवण्यास पोहोचली. तेथून चोरदरवाजाची वाट धरली. ती जवळची खरी, पण शेवटचा टप्पा उभ्या कातळाचा. रेलिंगचा आधार घेत चढावे लागते. कापड व्यापारी दर वळणावर थांबत होता, त्यामुळे दुपार कलली. दोन बाटल्या वाटेतच संपल्या आणि तिसरी कातळाच्या टप्प्यावर सॅकच्या कप्प्यातून निसटून दरीत गेली. कोणी काही बोलले नाही.

चोरदरवाजातून आत शिरले की समोर पद्मावती तलाव येतो. 1,300 मीटरांहून उंच अशा डोंगरावर, बांधीव काठाचा आणि कमानीच्या प्रवेशद्वाराचा हा जलाशय पाहून चढाचा शीण उतरतो. शिवाजी महाराजांनी रायगडापूर्वी येथूनच राज्यकारभार केला. 1665 च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले द्यावे लागले, तेव्हा राखलेल्या बारांत राजगड होता. राजाराम महाराजांचा जन्म 1670 मध्ये याच गडावरचा. राजधानीचा पसारा सांभाळायचा तर डोंगरावर पडलेला पाऊस डोंगरावरच अडविला पाहिजे, हा हिशेब तलावात आणि गडावर ठिकठिकाणी खोदलेल्या टाक्यांत दिसतो.

पाच वाजून गेले होते. सहाच्या सुमारास सूर्य मावळणार आणि मग सकाळपर्यंत दुकानदाराच्या घशाखाली थेंब जाणार नव्हता. त्याचे ओठ सुकले होते. तरीही टाक्याचे पाणी तसेच पिण्याचा आग्रह कोणी केला नाही आणि त्यानेही काही मागितले नाही. शेतकरी मात्र उठला. दुकानदाराच्या सॅकमधील गाळण्याचे पांढरे फडके त्याने विचारल्याशिवाय काढले, देवळाजवळच्या टाक्यावर गेला, दुहेरी फडक्यातून पाणी गाळले आणि गाळण्यात उरलेले पाणी हलकेच त्याच टाक्यात परत सोडले, म्हणजे त्यातले जीव आपल्या पाण्यात राहावेत. शिक्षकाच्या लहानशा स्टोव्हवर ते उकळले. भांडे थाळीतील गार पाण्यात ठेवून निवविले.

ही रीत त्याला कोणी शिकविली नव्हती. लहानपणी शाळा सुटल्यावर तो या मित्राच्या घरी जेवायला थांबे. मित्राची आई आडावर पाणी गाळताना त्याच्या हाती फडक्याचे एक टोक देत असे. ती माउली जाऊन वीस वर्षे झाली होती.

सूर्य डोंगरकडेला टेकला होता. भांडे पुढे करत तो म्हणाला, “घे, पी. वेळ जाईल तुझी.”

दुकानदाराने दोन्ही हातांनी भांडे घेतले. पाणी अजून कोमट होते.

त्या काळी देवळात मुक्काम करता येत असे. आता जाणाऱ्यांनी परवानगीची चौकशी आधी करावी. दुसऱ्या दिवशी सकाळी चौघे संजीवनी माचीवर गेले. दक्षिणेकडे खाली भाटघरचे पाणी पसरलेले होते. वेळवंडी नदीवरचे हे धरण 1928 चे. तेथून सोडलेले पाणी नीरेतून वीरपर्यंत येते, डाव्या कालव्याला लागते आणि पुरंदर, बारामती ओलांडून इंदापूर तालुक्यात उतरते. गडाच्या दुसऱ्या अंगाची गुंजवणीही शेवटी नीरेलाच मिळते. आणि नीरा इंदापूरच्याच टोकाला, नरसिंहपूर येथे भीमेत विसावते. म्हणजे त्या गडाच्या दोन्ही उतारांवरचे पाणी त्यांच्या तालुक्याच्या वाटेला लागलेले होते.

“आपण टेलवाले वरच्यांच्या नावानं बोटं मोडतो,” शेतकरी म्हणाला. “पण या पाण्याखाली कुणाचीतरी शेतं गेलीत, तेव्हा आपला मळा भिजतो.”

दुकानदार बराच वेळ खाली पाहत राहिला. मग म्हणाला, “मी चारचौघांत बोललो, ते चुकलं. संवत्सरीला यायला हवं होतं मी. मिच्छामि दुक्कडम्.”

“मीही पायरी सोडली, ते बरं नाही केलं. पैसे बुडवायचे नव्हते रे. पण द्यायला नाहीत, हे तुला सांगायची लाज वाटली.”

हिशेब तेथेच, माचीच्या तटावर बसून झाला. नवी लागण धरली की पाने सुरू व्हायला वर्ष तरी जाणार; तोवर मागणी नाही. त्यानंतर पानांच्या पट्टीतून दरमहा ठरावीक रक्कम. व्याजाचा विषय शेतकऱ्याने काढला. दुकानदाराने तो पुढे जाऊ दिला नाही. लागणीसाठी लागणारी पेंड पुन्हा त्याच दुकानातून उचलायची, ही अट मात्र घातली. व्यापाऱ्याला ती कळते: गिऱ्हाईक परत आले की खाते जिवंत राहते.

फेड पूर्ण व्हायला तीन दिवाळ्या लागल्या. मधला एक उन्हाळा पुन्हा कोरडा गेला. पण त्या उन्हाळ्यात हप्ता चुकला तेव्हा शेतकरी स्वतः दुकानात आला, गल्ल्याशेजारच्या बाकावर बसला आणि म्हणाला, “या महिन्यात जमणार नाही. चहा सांग.”