करपलेलं कुंपण आणि बिचारी बुरशी

संपादकांनी ‘बागेविषयी सोपं काही’ मागितलं आहे. दिवाळीच्या तोंडावर पुण्यात हमखास विचारला जाणारा प्रश्न सोपाच असतो: पावसाळ्यात लावलेली कामिनीची रांग ऑक्टोबरात करपायला लागली, काय फवारू? काहीच फवारू नका, आधी खणा. हे उत्तर कुणालाच आवडत नाही. पण नव्या कुंपणाची पानं तपकिरी पडण्याचं कारण बहुधा मुळांशी असतं. बुरशीच्या ठिपक्याला स्वतःची हद्द असते, भोवती बरेचदा पिवळी कडा असते, आणि एका झाडावर तो दिसला तरी शेजारचं कोरं राहू शकतं. पाणी न पोचल्याची करप टोकाकडून, कडेकडून आत सरकते. शिरा तिथे संपतात आणि बोअरच्या पाण्यातले क्षारही तिथेच साठतात. अख्खी रांग, त्यातही भिंतीची धग लागणारी बाजू, सारखी करपली असेल, तर एवढी शिस्त बुरशीला नसते.

‘पण आम्ही रोज पाणी घालतो!’ घालता, पण कुठे? रोप वाढलेलं असतं पिशवीतल्या लाल मातीत किंवा कोकोपीटमध्ये, लावलं जातं काळ्या मातीत. काळी माती पाणी घट्ट धरते, सुकलेल्या गोळ्याकडे ते सहज सोडत नाही. ड्रिपर वीतभर लांब असला की माती ओली आणि रोप तहानलेलं. नेमकं उलटही घडतं. पावसाळ्यात खड्डा तुंबतो, हवेवाचून मुळ्या कुजतात, आणि ऊन तापलं की उरलेल्या मुळ्यांना पानांची गरज भागवता येत नाही. पान दोन्हीकडे सारखंच करपतं, उपाय मात्र एकमेकांच्या विरुद्ध. म्हणून मोबाइलवरच्या फोटोवरून निदान मागणाऱ्यांपुढे मी हात टेकतो. शेतकऱ्याला हे समजावावं लागत नाही, त्याला वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही असण्याची स्थिती, कळतो. सोसायटीच्या कमिटीला कळतो टायमर.

‘कार्बेन्डाझिम मारलं आणि फरक पडला’ हा बुरशीच असल्याचा आवडता पुरावा. करपलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही. दिसते ती नवी पालवी, आणि ती नव्याने फुटलेल्या मुळ्यांची कमाई. शिवाय मूळकूज करणारे पिथियम आणि फायटोफ्थोरा खऱ्या बुरशीत मोडतच नाहीत. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक बुरशीच्या ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटून पेशीविभाजन रोखतं. या दोघांचं ट्युब्युलिन त्याला दाद देत नाही. हे जरा तांत्रिक झालं, पण औषधावरचा खर्च वाया जातो तो इथेच.

खणल्यावर निरोगी मुळीचं टोक पांढरं दिसेल. कुजलेली चिमटीत धरून ओढली तर साल हातात येते, मागे दोऱ्यासारखा गाभा उरतो. पिशवीच्या आकारात गोल फिरलेल्या मुळ्या लावतानाच सोडवायला हव्या होत्या. त्यासाठी माळ्याला वेळ द्यावा लागतो, आणि ठेका रोपांच्या संख्येवर असतो. खोडाची साल नखाने खरवडून खाली हिरवं दिसलं तर रोप उपटू नये. खत मात्र आत्ता अजिबात नको. रासायनिक खताने मातीच्या पाण्यातले क्षार वाढतात, आणि अर्धमेल्या मुळ्यांना तेच पाणी ओढणं आणखी जड जातं.