शिहाबचा वारा

उल्केला उर्दूत शिहाब-ए-साकिब म्हणतात. शब्द थेट कुरआनातून आलेला, त्यामुळे उल्केचा विषय निघाला की वर्गातून प्रश्न येतोच, "सर, हा सैतानाला मारलेला असतो ना?" मी हसत नाही. आयतीचा अर्थ मौलानांना विचारा, मागे उरलेल्या रेघेचं काय होतं ते मी सांगतो, एवढंच म्हणतो.

ती रेघ वाऱ्याबरोबर वाहते. वाळूच्या कणाएवढा खडा 80 ते 100 किलोमीटर उंचीवर जळतो आणि मागे विद्युतभारित वायूचा पट्टा सोडतो. तो बहुधा सेकंदभरही टिकत नाही. तेवढ्यात जमिनीवरून सोडलेली रेडिओलहर त्याच्यावर आपटून परतते. येणाऱ्या गाडीची शिट्टी चढी आणि जाणारीची उतरती ऐकू येते ना, तसंच पट्टा ज्या वेगाने सरकतो तेवढा लहरीत फरक पडतो. एका उल्केवरून वाऱ्याची दिशा कळत नाही. पण रडारला भर दिवसा, ढगांतूनही रोज हजारो उल्का दिसतात.

तिथे पोहोचायला दुसरा सोपा रस्ता नाही. फुगे खालीच फुटतात, उपग्रह इतक्या खाली टिकत नाहीत. राहिलं रॉकेट. 21 नोव्हेंबर 1963 ला थुंब्याहून पहिलं रॉकेट उडालं, त्यात सोडियमची वाफ होती. संधिप्रकाशात चमकणारा तिचा ढग कसा सरकतो यावरून वारा मोजायचा होता. त्या चमूत अब्दुल कलाम होते. थुंब्याचं चर्च आणि सायकलवरचं रॉकेट आपल्याला पाठ असतं. ते उडालं वारा मोजायला, हे क्वचितच कुणी सांगतं. रॉकेटचं मोजमाप त्या संध्याकाळपुरतं. 2004 पासून त्याच थुंब्यात उल्का-रडार आहे, ते रात्रंदिवस मोजतं.

आता कुणीतरी मेसेज पाठवेल की हे सगळं चौदाशे वर्षांपूर्वीच लिहिलेलं होतं. असे मेसेज मी पुढे पाठवत नाही. माझ्या ईमानाला रडारचं सर्टिफिकेट लागत नाही. शिवाय लिहिलेलंच होतं, तर दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश रडारवर रॉकेटऐवजी भलतेच प्रतिध्वनी येत होते, ते उल्कांचे आहेत हे शोधायला जेम्स हे यांना का बसावं लागलं? रोज ती आयत वाचणारे आपण तेव्हा काय करत होतो?

त्या उंचीवरच्या वाऱ्यालाही भरती-ओहोटी असते. सूर्याच्या उष्णतेने हवा हलते आणि बारा-चोवीस तासांच्या फेऱ्यांत वाऱ्याची दिशा पालटत राहते.