मिट्टी अपनी, चीज उनकी

माझा भाचा बारावीला आहे. मागच्या महिन्यात त्यानं मोबाईल माझ्यापुढे धरला. "मामू, ये मशीन मंगाएंगे क्या?" मेटल डिटेक्टर होता. परदेशातले लोक सुट्टीच्या दिवशी नदीत पराती घेऊन सोनं धुतात, असा कुठलातरी व्हिडिओ त्यानं पाहिला होता. आता उन्हाळ्यात मांजरा धरणाचं पाणी उतरलं की धनेगावकडच्या उघड्या गाळात आणि जमलं तर धारूरच्या किल्ल्यात मशीन फिरवायचं, असा बेत. मी विचारलं, जागा कोणाची?

"सरकारी है ना, किसी की नै."

ते 'किसी की नै' मला टोचलं. दहा वर्षांचा असताना मीही तेच म्हणालो होतो.

अब्बांचे एक चुलतभाऊ झारेकरी होते. उर्दूत न्यारिया. वर्गात हा शब्द आला की मी थांबतोच. न्यारा म्हणजे वेगळा, आणि सोनाराच्या राखेतून सोनं वेगळं करतो तो न्यारिया. हे काम करणाऱ्यांत आपले लोक बरेच. चाचा फजरची नमाज झाली की केजच्या सराफांच्या गल्लीत झाडू घेऊन बसायचे, दुकानं उघडायच्या आत. केर घमेल्यात, मग पाण्यात. सोनं पाण्यापेक्षा एकोणीस पट जड, त्यामुळे माती वाहून जाते आणि तळाशी काळी वाळू उरते. त्यात पारा घातला की तो सोन्याचा कण न् कण धरून ठेवतो. मग पारा जाळायचा. तो धूर किती विषारी आहे हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितलं नाही. चाचा शेवटी शेवटी चहाची बशी दोन्ही हातांनी धरायचे, तरी सांडायची.

त्यांचे कायदे मात्र पक्के. सराफाला विचारल्याशिवाय झाडू लावायचा नाही. उंबरठ्याच्या आतला केर विकत घ्यायचा, बाहेरचा तेवढा आपला. नाली उपसली तर गाळ तिथं टाकून जायचा नाही. दुसऱ्या झारेकऱ्याच्या गल्लीत पाय नाही. आणि सगळ्यात मोठा: "मिट्टी अपनी, चीज उनकी." कण मिळाला तर ती रोजी. घडवलेला डाग मिळाला तर ती अमानत.

एकदा नालीत मला मंगळसूत्राची वाटी सापडली. मी ती खिशात घातली. रस्त्यावरची, म्हणजे कोणाचीच नाही. तिसऱ्या दिवशी अम्मीला कपडे धुताना सापडली. चाचांनी मला कानाला धरून दुकानोदुकानी फिरवलं. चौथ्या दुकानात कळलं, पोत ओवायला आलेल्या मंगळसूत्राची ती वाटी, आणि चोरीचा आळ घेऊन तिथल्या कारागीर पोराला आदल्या दिवशीच काढून टाकलेलं.

भाच्याला आधी कायदा सांगितला, कारण हल्लीची पोरं कायद्याला जरा तरी भितात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966, कलम 48: जमिनीखालचं खनिज सरकारचं. 1957 च्या खाण कायद्यानुसार परवान्याशिवाय सोन्याचा शोधही घेता येत नाही. किल्ल्यात खणणं हा वेगळा गुन्हा. इंग्रजांनी 1878 साली निखात निधीचा कायदा केला, त्यात दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गाडलेलं धन सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. मग जाहीर नोटीस, आणि मालकानं पुढं यावं म्हणून किमान चार महिने मुदत. लपवलं तर वर्षापर्यंत कैद.

मग आपली शरियत. पूर्वीच्या काळी पुरलेलं धन म्हणजे रिकाज, त्यातला पाचवा हिस्सा द्यावा लागतो. हरवलेली वस्तू सापडली तर ती लुकता, तिची वर्षभर दवंडी पिटायची.

"एक साल?" भाचा हसला. "इतने में तो भाव डबल हो जाता."

मग मी त्याला वाटीची गोष्ट सांगितली. घरात आजवर कोणाला सांगितली नव्हती, त्याच्या आईलाही नाही.

मशीन अजून मागवलेलं नाही. परवा जेवताना त्यानं एकदम विचारलं, "मामू, वो कारीगर का क्या हुआ?"

चाचा आणि सराफ दोघं त्याच्या घरी गेले होते. दाराला कुलूप होतं. लातूरला गेले, असं शेजारीण म्हणाली.