कोबीची मच्छरदाणी

तीन वर्षांपूर्वी दिवाळी झाल्यावर मी परसात कोबीची ४० रोपं लावली आणि त्यांच्यावर घरातली जुनी मच्छरदाणी पसरली. कुंपणापलीकडच्या अक्कांनी लगेच विचारलं, "सर, कोबीगू सोळ्ळी परदा एनरी?" आमचे आप्पा व्हरांड्यातल्या खुर्चीवरून म्हणाले, "मलेरिया होतंय काय रे कोबीला?"

आप्पांना हसायचा अधिकार होता. बेळगाव तालुक्यातल्या आमच्या गावी त्यांनी तीस वर्षं कोबी पिकवला. पहाटे टेम्पो भरून तो बेळगावच्या बाजारात जायचा, तिथून घाट उतरून गोव्याला. आठवड्याला एक फवारणी, कधी दोन. पाठीवर पंप, तोंडाला टॉवेल. फक्त विहिरीजवळच्या एका ओळीवर औषध पडत नसे. ती ओळ घरची. तिची पानं चाळणीसारखी असायची आणि आई चिरलेली भाजी मिठाच्या पाण्यात घालून अळ्या काढायची. ती ओळ विहिरीजवळ आहे म्हणूनच घरची, असं मला लहानपणी वाटे. पुढे कारण कळलं, पण त्यावर आम्ही बापलेक कधी बोललो नाही.

कोबीचा मोठा वैरी म्हणजे चौकोनी ठिपक्यांचा पतंग. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा. पंख मिटून बसला की पाठीवर फिकट चौकटी दिसतात. मादी पानांवर बारीक अंडी घालते. त्यांतून निघालेली हिरवी अळी, हात लावला की वळवळत धाग्याला लटकते. उन्हाच्या दिवसांत दोन-तीन आठवड्यांत पुढची पिढी तयार, त्यामुळे औषधं पचवण्यात हा किडा पटाईत. डीडीटीला तो दाद देत नाही, ही नोंद जावा बेटावर १९५३ सालीच झाली होती. मग मारण्यापेक्षा शिरूच न दिलेलं बरं, असा माझा हिशेब. कोबीचा गड्डा धरायला मधमाशी लागत नाही. त्यामुळे लावणीपासून काढणीपर्यंत जाळी ठेवता येते. काकडी-दोडक्याला हे चालत नाही.

हिशेब बरोबर होता, तरी फजिती झाली. अडीच-तीन आठवड्यांनी अक्कांनीच हाक मारली, "सर, ओळग हुळा अदाव नोडरी!" जाळीच्या आत पानांची जाळी झाली होती. विकत आणलेल्या रोपांवरच अंडी होती. वरून मच्छरदाणी घातल्यावर चिमण्या-साळुंक्या आत येईनात, अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्याही येईनात. मी मोठ्या निगुतीनं अळ्यांचा सांभाळ केला होता!

त्या दिवशी आप्पा पहिल्यांदा पायऱ्या उतरून परसात आले. वाफ्याशी उकिडवे बसले आणि एक पान अंगठ्यानं उलटं करत म्हणाले, "रोप लावायच्या आधी असं बघायचं असतंय. एवढं शिकलास, कोण सांगितलं नाही?"

"तुम्ही सांगायचं होतं."

"आम्ही तरी कुठं बघितलं? औषध मारायचं, झालं." मग बराच वेळ ते पानं उलटत राहिले. "विहिरीकडची ओळ आठवतीय काय तुला?"

"आठवते."

"सगळा मळा तसा ठेवला असता तर तुझ्या कॉलेजची फी भरली नसती."

मी काही बोललो नाही. काय बोलणार? त्याच फीवर एम.ए. होऊन मी उभा होतो. आणि थोरली ताई लग्न होऊन फोंड्याला गेलेली. तिकडच्या बाजारात ती वर्षानुवर्षं कोणता कोबी घेत होती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या वर्षी प्रत्येक रोप आप्पांच्या हातून गेलं. चष्मा लावून, पान उलटून, मग वाफ्यात. पाइपच्या कमानी उंच केल्या, कारण पान जाळीला टेकलं तर पतंग बाहेर बसूनही भोकातून अंडी घालतो. कडा मातीत गाडल्या. पतंग तिन्हीसांजेला उडतात, म्हणून खुरपायला जाळी उचलायची ती सकाळी दहानंतर. एकरभर कोबीला एवढी जाळी घालणं बहुतेकांना परवडणार नाही, हे मी मान्य करतो. त्यांच्यासाठी बंगळूरच्या बागायत संशोधन संस्थेनं कोबीच्या २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी सुचवल्या होत्या, म्हणजे पतंग मोहरीकडे ओढला जातो. मावा मात्र एवढा बारीक की तो मच्छरदाणीतूनही आलाच. पाण्याच्या धारेनं धुऊन काढला, तरी थोडा उरला.

यंदा ३१ गड्डे निघाले. अक्कांना दोन दिले, संध्याकाळी त्यांच्याकडून कोबीचं पल्या आणि जोळद रोट्टी आली. मी कामानिमित्त फोंड्याला निघालो तेव्हा आप्पांनी स्वतः हाताळून चार घट्ट गड्डे निवडले आणि वर्तमानपत्रात बांधून दिले. पिशवी माझ्या हातात देतानाच दुसऱ्या हाताने फोन कानाला लावून ताईला सांगत होते, "घरच्या ओळीतला आहे गं. चिरल्यावर मिठाच्या पाण्यात घाल तेवढं. मावा आहे."