कवाला ते अलेक्झांड्रोपोली: समुद्राकाठची संथ वाट

ग्रीस म्हटलं की पांढरी घरं आणि निळे घुमट असलेली बेटं डोळ्यांसमोर येतात. पण या देशाच्या ईशान्य टोकाला, तुर्कस्तानच्या सीमेकडे जाणारा एक साधासुधा किनारा आहे. कवाला ते अलेक्झांड्रोपोली हे अंतर महामार्गानं सुमारे दीडशे किलोमीटर, म्हणजे दोन तासांत संपणारं. आम्ही दोघं आणि आमची कॉलेजात शिकणारी मुलगी, अशा तिघांनी भाड्याच्या गाडीतून त्याला पाच दिवस दिले. शक्य तिथे महामार्ग सोडला आणि समुद्राकाठच्या लहान रस्त्यांनी गेलो.

कवाला हे डोंगरउतारावर चढत गेलेलं बंदराचं गाव. शहराच्या मधोमध जुन्या जलवाहिनीच्या सुमारे ६० दगडी कमानी उभ्या आहेत. ती सोळाव्या शतकातली, सुलतान सुलेमानच्या काळातली. वरच्या जुन्या वस्तीत एक घर जपून ठेवलं आहे. आधुनिक इजिप्तचा पाया घालणारे मुहंमद अली पाशा १७६९ मध्ये याच गावात जन्मले. इजिप्तची सत्ता हाती आल्यावरही ते गावाला विसरले नाहीत. १८१७ नंतर त्यांनी इथे ‘इमारेत’ उभारलं: मदरसा, विद्यार्थ्यांच्या राहण्याच्या खोल्या आणि गोरगरिबांना मोफत जेवण देणारं स्वयंपाकघर. खर्चासाठी वक्फ होता आणि समोर दिसणाऱ्या थासोस बेटाचं उत्पन्न त्याला लावून दिलेलं होतं. आज त्या वास्तूत महागडं हॉटेल आहे.

खाली गावात सेंट निकोलसचं चर्च आहे. ही मुळात इब्राहिम पाशाची मशीद. मुलीनं विचारलं, “मग इथले मुसलमान गेले कुठे?”

या प्रश्नाचं उत्तर १९२३ मध्ये आहे. त्या वर्षी जानेवारीत लोझान इथे ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार झाला. कोणी कुठे जायचं हे भाषेवर नाही, धर्मावर ठरलं. ग्रीसमधल्या सुमारे साडेतीन ते चार लाख मुसलमानांना तुर्कस्तानात जावं लागलं. तिकडून इकडे आलेल्या ख्रिस्ती लोकांचा आकडा, आधीच जीव वाचवून पळालेले धरून, बारा लाखांच्या आसपास आहे. परत यायची मुभा कोणालाच नव्हती.

त्या बारा लाखांपैकी काही लोक कवालापासून दहाएक किलोमीटरवर भेटतात. नेआ कारवाली, म्हणजे नवं कारवाली. जुनं कारवाली तुर्कस्तानच्या आत, कापादोकियात राहिलं. हे लोक ख्रिस्ती, पण घरात तुर्की बोलणारे. नव्या देशात आले तेव्हा शेजाऱ्यांची भाषाही त्यांना येत नव्हती. आज गाव ‘कुराबियेदेस’साठी प्रसिद्ध आहे: बदाम आणि लोण्याची, पिठीसाखरेत घोळवलेली खुसखुशीत बिस्किटं. दुकानातल्या आजीबाईंनी आम्हाला चव बघायला एकेक दिलं. कवालाहून गेलेली मुसलमान कुटुंबंही तिकडे अशाच काही चवी सोबत घेऊन गेली असतील.

पुढे केरामोती. लांब वाळूचा किनारा, होड्या आणि थासोसची फेरीबोट. मग नेस्तोस नदी ओलांडली की मॅसिडोनिया संपून थ्रेस सुरू होतं. पोर्तो लागोसला एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला विस्तोनिदा सरोवर आणि उथळ पाण्यात उभे रोहित पक्षी. तिथला लहानसा मठ पाण्यातल्या दोन बेटांवर आहे. लाकडी पुलावरून चालत जाता येतं.

फानारीला मुक्काम केला. जेवणाचा प्रश्न किनाऱ्यावर मासळीनं सोडवला: भाजलेल्या तारल्या, लिंबू पिळलेली उकडलेली पालेभाजी, पाव आणि ऑलिव्ह. कोकणातल्या शाफई घरांना म्हाकुलही चालेल. आमच्या हनफी घरात तो प्रश्न आला नाही. एवढं मात्र विचारावं की रश्शात वाइन घातली आहे का. लोक सरळ सांगतात. अशा गावांत मशीद सापडेलच असं नाही. भारतात पश्चिमेकडे तोंड करायची सवय असते. इथे किब्ला आग्नेयेला, म्हणजे बहुतेक वेळा समुद्राकडे. संध्याकाळी वाळूवर जानमाज अंथरला तेव्हा समोर फक्त पाणी होतं.

फानारीहून आत वळलं की अर्ध्याएक तासात कोमोतिनी येतं आणि तिथे अजान ऐकू येते. लोझानच्या करारातून पश्चिम थ्रेसचे मुसलमान आणि इस्तंबूलचे ग्रीक वगळले गेले होते. म्हणून इथे आजही लाखाच्या आसपास मुसलमान आहेत. कोणी तुर्की बोलतं, कोणी पोमाक, कोणी रोमा. बाजारात हलाल खाटीक आहेत, मशिदीजवळ चहाची दुकानं आहेत. जुहरनंतर शेजारी बसलेल्या एका चाचांना आम्ही भारतातले असल्याचं कळलं तेव्हा त्यांनी आमच्या चहाचे पैसे देऊ दिले नाहीत. भाषा जुळत नव्हती, पण ‘सलाम’, ‘दुआ’, ‘मुसाफिर’ हे शब्द पुरले. बाजारात शब्दांचा खेळ मुलीनं लावला: कलिंगडाला ग्रीकमध्ये ‘कार्पूझी’, पुलावाला ‘पिलाफी’, बाजाराला ‘पझारी’, चहाला ‘त्साई’. माणसांची अदलाबदल झाली, शब्द मात्र दोन्हीकडे राहिले.

जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती: मे-जून किंवा सप्टेंबर बरा, जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि गर्दी दोन्ही. गाडी उजव्या बाजूनं चालवायची असते. आंतरराष्ट्रीय परवाना इथूनच काढून न्यावा. दुपारी लहान गावं विश्रांती घेतात, तेव्हा दुकानांची कामं सकाळी उरकावीत.

प्रवास अलेक्झांड्रोपोलीला संपला. १८८० पासून उभा असलेला पांढरा दीपस्तंभ, त्याच्याभोवती संध्याकाळी फिरायला आलेली कुटुंबं, कणसं भाजणारे, सायकलवरची मुलं. हे नाव गावाला १९२० मध्ये एका ग्रीक राजावरून मिळालं. त्याआधी ते देदेआच होतं, म्हणजे दरवेशबाबांचं झाड. तुर्की बोलणारे लोक अजून तेच नाव घेतात. परतीच्या तिकिटावर नवं नाव होतं. मुलीनं आपल्या वहीत दोन्ही लिहून ठेवली.